विश्लेषण : थ्रीडी प्रिंटिंगची मदार एका थेंबावर का असते?

कृत्रिम पायाची खोबण, मणक्याचा पट्टा, यंत्रांचे सुटे भाग आता प्लास्टिकच्या पावडरीवर द्रव फवारून छापले जातात. असा भाग टिकेल की तुटेल, हे बऱ्याच अंशी थेंब पावडरीत कसा मुरतो यावर ठरते.

हे तंत्र काय आहे?

पावडरीवर चिकटद्रव फवारण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या संशोधकांना १९९३ मध्ये मिळाले. ‘एचपी’च्या २०१६ मधील मल्टी जेट फ्यूजन यंत्रात द्रवाचे काम वेगळे आहे. नायलॉन-१२ च्या पावडरीचा सुमारे ८० मायक्रॉन जाडीचा थर पसरून त्यावर काळा द्रव फवारतात. त्यातील कार्बन दिव्यांची उष्णता शोषतो आणि तेवढाच भाग वितळतो. कडेला मुख्यतः पाणी असलेला दुसरा द्रव पडतो. त्याची वाफ होताना कड थंड राहते.

थेंब पडल्यावर काय होते?

कोरड्या पिठावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो आधी गोळीसारखा वर बसतो, मग जिरतो. पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने प्लास्टिकच्या कणांवर ते सहज पसरत नाही. म्हणून द्रवात पृष्ठताण कमी करणारे पदार्थ घालतात. मग कणांमधल्या फटी केशाकर्षणाने द्रव आत ओढतात. द्रव कमी मुरला तर थरांची पकड ढिली राहते. जास्त पसरला तर कडा फुगतात, बारीक छिद्रे बुजतात. थेंब जोरात आदळला तर कण उडून खळगे पडतात.

पावडर पुन्हा वापरता येते का?

येते, पण मर्यादेत. उरलेली पावडर तासन् तास तापलेली असते. त्यात नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या लांबतात आणि वितळल्यावर ते नीट वाहत नाही. म्हणून दर वेळी ताजी पावडर मिसळावी लागते. नायलॉन हवेतील ओलही शोषते. पावसाळ्यात पावडर उघडी राहिली तर ती एकसारखी पसरत नाही.

मग काळजी कोणती?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये या तंत्रासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. यंत्रे विकत आणता येतात. पावडर आणि द्रवाची जोडी मात्र आपल्या हवेत, आपल्याच प्रयोगशाळांत तपासावी लागेल. तोवर ग्राहकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत : ताजी पावडर किती घातली? त्याच खेपेतील नमुना तोडून पाहिला का? ज्या खोबणीवर माणसाचा सगळा भार पडणार, तिच्याबाबतीत या उत्तरांशिवाय पैसे मोजू नयेत.