बाजरीच्या कणसाचा धडा

शेत हिरवेगार दिसले की पीक साधले, असा समज सर्वत्र आढळतो. तृणधान्यांच्या बाबतीत तो फसवा आहे. दाणा भरणार की नाही, याचा निर्णय फुलोऱ्याच्या मोजक्या दिवसांत होतो. आणि काही रोगांचा घाला नेमका कणसावरच पडतो. बाजरी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

गोसावी हा त्यांपैकी एक रोग. त्याचे बीजाणू जमिनीत टिकून राहतात व कोवळ्या रोपात शिरतात. परंतु खरे नुकसान कणीस बाहेर पडल्यावर दिसते. फुलांच्या जागी पानांसारखे हिरवे झुपके फुटतात, कणीस जटाधारी दिसू लागते आणि दाणा भरत नाही. त्याच्या जंतूला शास्त्रज्ञ आज खऱ्या बुरशीत गणत नाहीत; पण रिकाम्या कणसाला त्या वर्गीकरणाचे काय? अरगटाची रीत निराळी. ही बुरशी फुलाच्या कुक्षीतून आत शिरते आणि दाण्याची जागा स्वतःच बळकावते. कणसावर प्रथम मधासारखा चिकट स्राव येतो, मग काळसर गाठी धरतात; त्या पोटात गेल्यास माणसांना व गुरांना विषबाधा होते. परागकण वेळेवर पोचला, तर मात्र कुक्षी सुकून बुरशीची वाट बंद होते.

१९६५ साली एच. बी. १ हा संकरित वाण आला. त्याची माता 'टिफ्ट २३-अ' ही अमेरिकेतून आणलेली नरवंध्य जात होती आणि पुढील अनेक संकरांनाही तीच माता लाभली. उत्पन्न वाढले, १९७०-७१ मध्ये देशातील बाजरी ८० लाख टनांपर्यंत पोचली. परंतु लगोलग गोसावीची साथ उसळली आणि ते वाण तिच्यापुढे टिकले नाहीत. दोष संकराच्या तत्त्वाचा नव्हता. एकाच मातेची संतती दूरवर पेरण्याचा होता. एका शेतातील दुबळेपणा हा सर्व शेतांचा दुबळेपणा ठरला.

या अनुभवातून संशोधकांनी धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. १९८२ मध्ये डब्ल्यू. सी.-सी. ७५ हा प्रतिकारक्षम वाण प्रसारित झाला; २००५ मध्ये एच. एच. बी. ६७ या संकराची सुधारित, रोगप्रतिकारक आवृत्ती आली. तथापि प्रतिकारशक्ती ही कायमची मिळकत नव्हे. रोगजंतूही बदलतात आणि आजचा बळकट वाण उद्या बळी पडू शकतो.

म्हणूनच दोन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. एकाच परिसरात भिन्न कुळांचे वाण पेरले जावेत आणि बियाण्याच्या पिशवीवर उत्पन्नाच्या आकड्याबरोबर त्याच्या कुळाची व रोगप्रतिकाराचीही माहिती असावी. दुसरी गोष्ट अगदी घरगुती आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकले, की अरगटाच्या गाठी व हलके बी वर तरंगते. ते काढून नष्ट करावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे.

कणीस काळवंडल्यावर केलेली धावपळ व्यर्थ असते. कणसाचे रक्षण पेरणीपूर्वीच, बियाण्याच्या निवडीत सुरू होते. एका पिढीने मोल देऊन शिकलेला हा धडा दुसऱ्या पिढीला पुन्हा तेच मोल देऊन शिकावा लागू नये.