‘दोन वर्षं’ म्हणजे नेमकी किती?

रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, ‘‘शुगर कधीपासून आहे हिला?’’ मी उलट्या करून करून अर्धवट शुद्धीत पडले होते. आई घाईघाईत म्हणाली, ‘‘झाली असतील दोनेक वर्षं.’’ डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून टाकलं : टाइप १ मधुमेह, दोन वर्षांपासून.

ही गोष्ट जानेवारी २०२३ ची. खरं तर माझं निदान झालं होतं नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे जेमतेम चौदा महिने आधी. आणि बाबांनी आम्हा चौघांची आरोग्य विमा पॉलिसी काढली होती जून २०२१ मध्ये. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर सगळेच काढत होते, तशीच. आता तुम्हीच हिशेब करा. केसपेपरवरची ‘दोन वर्षं’ मागे मोजली की जानेवारी २०२१ येतो. म्हणजे पॉलिसीच्या आधी. म्हणजे विमा कंपनीच्या भाषेत प्री-एक्झिस्टिंग डिसीज, आणि वर तो फॉर्मवर लपवलेला. क्लेम नामंजूर. बिल ८४ हजार.

बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. कंपनीचं इंग्रजी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं. ‘‘एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण भांडणार?’’ आई तर वेगळंच म्हणत राहिली, ‘‘माझ्याच तोंडून निघालं ते.’’

आईच्या त्या वाक्यासाठी आज हे लिहितेय. कारण तुमच्याही वर्गात कुणाला तरी थायरॉइड आहे, कुणाला दमा, कुणाला फिट्स, कुणाला सोरायसिस. आयुष्यभर सोबत राहणारे आजार फक्त आजी-आजोबांना होतात, हा गैरसमज आहे. आणि असं पत्र घरी आलं की बहुतेक घरं गप्प बसतात. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं वाटतं. पत्राची भाषा कोर्टाच्या निकालासारखी असते, म्हणून आपण त्याला निकालच समजतो. पण तो निकाल नसतो. ते एका पार्टीचं म्हणणं असतं, आणि त्याला उत्तर देता येतं.

आम्ही दिलं. मी तेव्हा मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होते. ‘बातमी कागदावर उभी राहते’ हे सर रोज घोकून घेत होते. म्हणून कागद शोधायला बसले. नोव्हेंबर २०२१ चा, निदान झालं तेव्हाचा पहिला रिपोर्ट सापडला. त्याहून भारी म्हणजे मे २०२१ मध्ये मला कोविड झाला होता, तेव्हाची रक्ततपासणी सापडली. त्यात शुगर अगदी नॉर्मल. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी निदानाची तारीख लिहून सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं. हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला पाठवलं. तिथूनही ‘नाही’ आलं. मग विमा लोकपालांकडे गेलो.

विमा लोकपाल हा शब्द तोवर आमच्या घरात कुणी ऐकलाही नव्हता. तुम्ही ऐकून ठेवा. कंपनीकडे आधी लेखी तक्रार करायची. तिनं नकार दिला, उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. फी शून्य. वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आमची सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, दहा मिनिटंसुद्धा नाही. २०२३ च्या दिवाळीच्या आठवड्यात ७१ हजार खात्यात आले. ग्लोव्हज, सिरिंज वगैरेंचे पैसे कापून.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपन्या उगाच संशय घेतात असं नाही. ‘‘बीपी लिहू नका, प्रीमियम वाढेल,’’ असा सल्ला देणारे एजंट आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. तो सल्ला ऐकलात, तर पुढे लोकपालही तुम्हाला वाचवतील याची खात्री नाही. उलट खरं लिहिलंत तर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. मधुमेह असल्याचं आधीच सांगितलेल्या एका प्रवाशाचा क्लेम नाकारला गेला होता. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. सांगितलेला आजार माहीत असताना पॉलिसी दिली, तर नंतर तोच आजार पुढे करून क्लेम नाकारता येणार नाही, असं कोर्टानं स्पष्ट केलं.

नियमही थोडे सुधारलेत. विमा नियामक आयआरडीएआयनं २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली, की ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. आधी ही मुदत आठ वर्षं होती. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या समितीची मंजुरी लागते, आणि पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीमुळे नाकारला, ते लेखी कळवावं लागतं. तेव्हा पत्र आलं की पहिला प्रश्न हाच विचारा : कोणती अट?

तरीही एक गोष्ट खटकतेच. मला रोज लागतं ते इन्सुलिन, सुया आणि स्ट्रिप्स. यातलं काहीही आमच्या पॉलिसीत बसत नाही, कारण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात भरती झाल्यावरच पैसे देतात. म्हणजे मी शिस्तीत इन्सुलिन घेऊन घरी ठणठणीत राहिले, तर खर्च माझा. हेळसांड करून आयसीयूत गेले, तर खर्च विम्याचा. हा हिशेब उलटा आहे. ओपीडीचं कव्हर देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण आजार आधीपासून असलेल्यांना त्या सहज मिळत नाहीत आणि परवडतही नाहीत. पाच वर्षांचा नियम बदलू शकतो, तर हाही बदलायला हवा. ही मागणी आपल्या पिढीनं करायची आहे, कारण हे आजार घेऊन पुढची पन्नास वर्षं आपल्यालाच काढायची आहेत.

तोवर आज संध्याकाळी घरी एक काम करा. पॉलिसीचा कागद मागा. प्रपोजल फॉर्मवर तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा. चुकीचं असेल तर कंपनीला आत्ताच लेखी कळवा, आजारी पडायची वाट बघू नका. बऱ्याच फॅमिली पॉलिसींमध्ये मुलांना साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंतच ठेवतात. त्यानंतर स्वतःची पॉलिसी घेताना कोरी सुरुवात करू नका. जुन्या पॉलिसीतली वर्षं नव्या पॉलिसीत मोजून घेता येतात, पण त्यासाठी जुनी बंद पडण्याआधीच अर्ज करावा लागतो. आणि आजार असेल, तर पहिल्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आमच्या घरात एवढा बदल झालाय : आईच्या पर्समध्ये देवाच्या फोटोमागे एक चिठ्ठी असते. ‘निदान : नोव्हेंबर २०२१.’ परवा नेत्रतपासणीला गेलो, तर डॉक्टरांनी विचारलं, ‘‘शुगर कधीपासून?’’ मी तोंड उघडायच्या आत आईनं चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, ‘‘तारीख लिहा. वर्षं नका लिहू.’’