सायकलचा स्वस्त कपडा : घ्यावा की नाही?



सायकलसाठी म्हणून मुले जळगावच्या मोठ्या दुकानांतून स्वस्त टी-शर्ट, चड्ड्या आणतात. हा खर्च वाया तर नाही ना, असे एरंडोल भागातले पालक विचारतात.

बियाणे घेताना आपण नुसती पिशवीची किंमत पाहत नाही, उगवणही पाहतो. कपड्याचे तसेच आहे. २०० रुपयांची चड्डी ४ महिन्यांत विरली तर महिन्याला ५० रुपये पडले. ४०० ची वर्षभर टिकली तर ३३ च.

टी-शर्ट स्वस्तातला चालेल. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, पण लवकर वाळते. आपला कापूस घाम पितो, मात्र ओला राहतो आणि लांबच्या फेरीत अंगाला घासतो. चुलीजवळ पॉलिएस्टर नको. पेट घेतल्यास ते वितळून कातडीला चिकटते.

चड्डी मात्र पारखून घ्या. बैठकीची शिवण जाड असली की मांड्या सोलवटतात. आतली गादी अंगठ्याने दाबून पाहा. वर आली नाही तर ती ठेवून द्या. शेतापर्यंतच्या २-३ किलोमीटरला गादी लागतच नाही. सीटची उंची नीट लावली की पुरे.

शेवटचे, पण महत्त्वाचे. धुळे-जळगाव महामार्ग एरंडोलवरून जातो. तिन्हीसांजेला गडद कपड्यातले पोर ट्रकवाल्याला दिसत नाही. म्हणून रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. अंधारात तोही पुरत नाही. सायकलमागे लाल रिफ्लेक्टर हवाच. कपड्यात वाचलेले पैसे आधी तिथे घाला.