वरून बुजली, आतून सडली



गुलाबी बोंडअळी आपल्याला कोणी शिकवायला नको. बोंड वरून हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. बोंड फोडून न पाहता जो फवारणीवर फवारणी करतो, त्याच्या पैशाने दुकानदाराचे भले होते आणि हाती कवडी येते. ऑपरेशनची न भरणारी जखम अशीच असते. तिच्यावर चाललेला धंदाही असाच.

ठाण्याचे वागळे इस्टेट घ्या. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, त्याच्या पहिल्या वसाहतींतली ही एक. कोरडवाहूने पोट भरेना म्हणून आपली पोरे तिथे यंत्रावर, गोदामात, हमालीत गेली. मोठे कारखाने बंद पडले, काचेच्या इमारती आल्या, तरी लहान वर्कशॉप अजून चालतात. ओझी उचलून पोराला हर्निया होतो. ऑपरेशन होते, टाके निघतात, आणि महिन्याभराने त्याच जागेतून पू येतो. मुकादम म्हणतो, गावाला जा, आराम कर. गावात रोज पट्टी, रोज इंजेक्शन, मधूनच कोणी हळद किंवा मशेरी दाबतो. दोन महिन्यांत पगार बुडाला, घरची ज्वारी विकली, जखम जागच्या जागी.

या दोन महिन्यांत त्याचा पू कोणी तपासायला पाठवला? रक्तातली साखर कोणी पाहिली? सोनोग्राफी?

जखमेत जंतू होणे हा दरवेळी डॉक्टरचा दोष नसतो. चांगल्या इस्पितळातही ते घडते. कारण न शोधता महिनोन्महिने पट्टीचे पैसे घेणे, हा मात्र गुन्हाच म्हटला पाहिजे. कारणे काही अगणित नाहीत. साखर वाढलेली असते, अंगात रक्त कमी असते, बिडी-तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात. आत टाक्याचा धागा चिघळतो, किंवा हर्नियाला बसवलेल्या जाळीलाच जंतू लागतो. आणखी एक आहे, ते गावात कोणाच्या ध्यानीमनी नसते. क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंद पाण्यात राहतात. दुर्बिणीची हत्यारे नीट निर्जंतुक केली नाहीत, नळाच्या पाण्याने धुतली, की ते आत शिरतात. वरची जखम बुजते, काही आठवड्यांनी तिथे गाठ येऊन वाहू लागते. नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत. जंतू ओळखून वेगळी औषधे महिनोन्महिने घ्यावी लागतात. म्हणून पुवाची तपासणी मागताना क्षयवर्गातल्या जंतूंचीही मागा. ताप चढला, लाली पसरली, कातडी काळी पडली किंवा टाके उसवले, तर त्याच दिवशी सर्जन गाठा.

आत काय राहिले हे पाहणे किती गरजेचे, ते औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात दिसले. 1963 साली एका बाळंतिणीच्या नसबंदीत पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा तो सापडला, पण बाई वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले ते 1996 साली!

आता पैशाचे. कामगार विम्यासाठी 2019 पासून पोराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे उपचार ही मेहेरबानी नव्हे, आगाऊ पैसे भरलेला माल आहे. वागळे इस्टेटमध्ये या योजनेचे रुग्णालय उभारले गेले ते याच पैशावर. पुरेशी वर्गणी भरली असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. कमाईच्या अटीत बसणाऱ्या, पोरावर अवलंबून असलेल्या आईबापांनाही उपचार आहेत. पोरगा ठेकेदाराचा असला तरी वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची. मग मुकादम "गावाला जा" का सांगतो ते ओळखा. नाव नोंदलेले नसले की असाच सल्ला मिळतो.

विमा नसेल तर जिल्हा रुग्णालय आहे. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत. जाताना पहिल्या ऑपरेशनचे कागद न्या. मागितल्यापासून 72 तासांत ते देणे डॉक्टरवर 2002 च्या नियमाने बंधनकारक आहे.

ज्यांची पोरे ठाण्याकडे कामाला आहेत त्यांनी येत्या बैठकीला पगाराची चिठ्ठी आणावी. विम्याची कपात आहे का, आणि असेल तर विमा क्रमांक दिला आहे का, ते तिथेच बसून पाहू.