युतीला मत देण्याआधी घरात बसून बोला

निवडणूक जवळ आली की नवी युती उभी राहते. तिला मत द्यायचं की नाही, हा तुमचा हक्क. पण त्याआधी पूर्व जर्मनीतल्या लोकांवर काय गुदरलं ते ऐकून ठेवा.

१९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत उघडली आणि चाळीस वर्षांची कम्युनिस्ट राजवट ढासळली. १८ मार्च १९९० ला तिथे पहिली मोकळी निवडणूक झाली. तिच्या सहा आठवडे आधी, ५ फेब्रुवारीला, तीन उजवे पक्ष एकत्र आले. नाव ठेवलं ‘जर्मनीसाठी आघाडी’. पाठीशी होते पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल. वचन होतं दोन्ही जर्मनींच्या लवकर एकीकरणाचं आणि पश्चिमेच्या भक्कम चलनाचं, मार्कचं.

शंभरातल्या ९३ जणांनी मतदान केलं. आघाडीला ४८ टक्के मतं पडली, ४०० पैकी १९२ जागा मिळाल्या.

ते मतदार भाबडे नव्हते. त्यांना मोकळं जगायचं होतं आणि ते त्यांना मिळालंही. पण पुढे काय वाढून ठेवलंय, याची तयारी फार थोड्या घरांत होती. तुम्ही ती करा.

एक. युतीतला प्रत्येक पक्ष सुटा करून पाहा. सोयरीक जुळवताना आपण सगळ्या घराची चौकशी करतो, तशी करा. त्या आघाडीतला मोठा पक्ष, ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन, जवळजवळ चाळीस वर्षं कम्युनिस्टांच्याच पंगतीला होता. ‘डेमोक्रॅटिक अवेकनिंग’ हा पक्ष राजवटीविरुद्धच्या आंदोलनातून निघालेला. तिसरा, जर्मन सोशल युनियन, जानेवारीत जन्मलेला. मोठ्याला ४०.८ टक्के मतं पडली, आंदोलनवाल्यांना एक टक्काही नाही. सत्तेत कोणाचं चालणार, ते तिथेच ठरलं.

दोन. नेत्याच्या नावावर विसंबू नका. वोल्फगांग श्नूर हे आंदोलकांचे वकील आणि ‘डेमोक्रॅटिक अवेकनिंग’चे प्रमुख. ते गुप्त पोलिसांचे खबरे होते, हे मतदानाला अवघे काही दिवस उरले असताना बाहेर आलं. त्यांना पद सोडावं लागलं. म्हणून तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवाराची माहिती वेगळी काढा.

तीन. पैशाचं वचन वहीत मांडा. १ जुलैला पश्चिमेचा मार्क आला. पगार आणि पेन्शन एकास एक बदलून मिळाली. बचतीला मात्र मर्यादा होती. लहान मुलाला २,०००, मोठ्या माणसाला ४,००० आणि साठीच्या पुढे ६,००० मार्क. आजी, आई-वडील आणि दोन लहान मुलं धरली तर घराचे १८,००० एकास एक. त्यावरच्या बचतीचे निम्मेच हाती आले. तुमच्या घराचाही असाच हिशेब करा.

चार. रोजगाराचं विचारा. कारखान्यांना आता महागड्या मार्कात पगार द्यावे लागले. दुकानं पश्चिमेच्या मालाने भरली, पूर्वेतल्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. कारखाने बंद पडले, लाखो लोक घरी बसले. मार्क आला, पण तो कमवायची जागा गेली.

पाच. उद्या जाब कोणाला विचारणार, ते आजच पाहून ठेवा. एप्रिलमध्ये लोथार द मेझियेर पंतप्रधान झाले. ऑगस्टमध्ये ‘डेमोक्रॅटिक अवेकनिंग’ मोठ्या पक्षात विलीन झाला. ३ ऑक्टोबरला एकीकरण झालं आणि पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. वर्ष सरायच्या आत आघाडी इतिहासजमा झाली. घरखर्च, भाडं आणि मुलांची शिक्षणं मात्र लोकांना पुढेही सांभाळायची होती.

मतदान चुकवू नका. त्याआधी एका संध्याकाळी सगळे एकत्र बसा. जाहीरनामा मोठ्याने वाचा. कमावणाऱ्याला, घर चालवणारीला, पेन्शनवरच्या आजोबांना आपापला प्रश्न काढू द्या. उमेदवार दारात आला की तेच प्रश्न विचारा. तो काय म्हणाला ते तारखेसह लिहून ठेवा आणि निकालानंतरही ती वही टाकू नका.