बोट लागलीय, चढायचं कुणी?



मी गोदीत माल चढवणारा माणूस. मुंबईच्या धक्क्यावर पाठ मोडायची, सुट्टी मिळाली की गाडी धरून नाशिकरोडला घरी यायचं, उरल्या वेळात कविता करायच्या. माझ्या खांद्यावरून गेलेला माल दुनिया हिंडून येतो. त्याला कुणी जात विचारत नाही.

गेल्या महिन्यात वस्तीतली एक पोरगी कागदांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. बाप बिगारी, आई धुणीभांडी करते. पोरीला विलायतेतल्या विद्यापीठानं घेतलंय. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. "दादा, जरा बघून दे." मी मॅट्रिक. मी काय बघणार, डोंबल! तरी बसलो. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, जामीनदार. चार दिवस खिडक्या झाल्या. एका खिडकीतला साहेब कागदाला हात न लावता म्हणाला, "इथं कॉलेजं नाहीत का? तिकडं जाऊन काय दिवे लावणार?"

संताप आला. पण त्याहून जास्त लागलं ते आपल्याच एका कार्यकर्त्याचं बोलणं. तो म्हणाला, "गेलेला परत येत नाही. परदेश म्हणजे पळवाट." हे संपादकीय त्या साहेबासाठी नाही. त्या कार्यकर्त्यासाठी आहे.

दोस्ता, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलं. तेच सयाजीराव. त्यांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांवर १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात त्यांना सेलिग्मन, ड्युई असे शिक्षक मिळाले, पुस्तकांचा डोंगर मिळाला. पण खरी मिळकत वेगळीच. ज्या माणसाला शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसवलं, त्याला तिथं खुर्चीवर बसताना कुणी अडवलं नाही. चिखलात कमरेइतकं रुतल्यावर चिखलाची खोली कळत नाही. काठावर यावं लागतं. ते काठावर आले, आणि ९ मे १९१६ ला, वयाच्या पंचविशीत, त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पळून गेलेला माणूस पाठीमागच्या आगीवर निबंध वाचत नाही.

आता किंमत ऐक. ते तिकडं अभ्यास करत होते तेव्हा रमाई इकडं मुंबईत उपाशीतापाशी घर ओढत होती. शिष्यवृत्ती एकाच्या नावावर असते, उपास सगळ्या घराला असतो. लंडनचा अभ्यास अर्धा असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं येत होती, ती बोट पाणतीरानं बुडवली. नोकरीसाठी बडोद्याला गेले तर राहायला घर मिळेना. पारशी म्हणून नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिना चढून आला. कोलंबियात शिकून आलेला माणूस कामाठीबागेत झाडाखाली बसला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला आला.

लक्षात घे, परदेशात शिकणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते परत येणं. तरी पठ्ठ्यानं १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भाथेना या पारशी मित्राचं कर्ज. १९२३ मध्ये परत आले, त्याच वर्षी डी.एस्सी. झाले आणि २ मार्च १९३० पासून आपल्याच पंचवटीत काळारामाच्या बंद दारासमोर सत्याग्रह उभा केला. जग ज्याला आत घेतं, त्याला गाव बाहेर ठेवतं. तो सगळा ताळा त्यांनी मांडला, कारण दोन्ही दारं त्यांनी बघितली होती.

आज बोट नाही, विमान आहे. पण शिडी तेवढीच अरुंद. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या अख्ख्या देशाला जागा १२५. २०२२ मध्ये नियम आला, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा समाजअभ्यास यांच्यासाठी पैसा नाही. म्हणजे १९१६ चा तो निबंध लिहायला आज कुणी निघालं तर या योजनेतून दमडी नाही! २०२५ मध्ये १०६ जण निवडले, आधी पत्रं दिली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी असेल तर बघू. विद्यापीठ थांबत नाही, फी थांबत नाही. फक्त आपणच थांबायचं.

आणि पोहोचलेल्यालाही सांगतो, गाफील राहू नकोस. तिकडं गोरा माणूस आडनाव विचारणार नाही, पण एका खोलीत राहणारा आपला देशबंधू पहिल्याच जेवणाला विचारेल. जात सामानाबरोबर जाते, तिला वजनाची मर्यादा नाही. उगाच का अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला?

आता तुझा प्रश्न. परत नाही आली तर? बड्या घरची पोरं दरसाल जातात, तिकडंच घरं बांधतात, त्यांना कुणी विचारतं का? समाजाचं कर्ज फक्त आमच्याच पोरांच्या बोकांडी का? मी तिला परत येण्याची शपथ घालणार नाही. एकच मागेन. तू भरलेला अर्ज फाडू नकोस, पुढच्याला दे. कुठल्या खिडकीवर कोण बसतो, मुदत कधी संपते, थंडीत काय घालायचं, आडनाव विचारलं तर काय उत्तर द्यायचं, सगळं लिहून पाठव. आम्ही इथं छापू. गेलेल्यानं मागं दोर सोडला की तो गेलाच नाही असं मी समजतो.

आणि आपण मागं राहिलेल्यांनी काय करायचं? नुसते हार घालायचे नाहीत. जामीनदार मिळत नाही तिथं उभं राहायचं. तिच्या घरी दोन महिने किराणा पोचवायचा. त्या खिडकीवर दहाजणांनी जायचं.

यादी अजून लागलेली नाही. पोरगी रोज विचारते, मी रोज "लागेल" म्हणतो. आयुष्यभर बोटीवर दुसऱ्यांचा माल चढवला. एकदा आपलं माणूस शिडी चढताना बघायचंय.

जय भीम.