मुलींना 25 सेंट, मुलग्यांना 50

शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे हवेत आणि हातात पैसे नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या सिंडी कॅम्पबेलची ही अडचण. तिनं आपल्याच इमारतीतली, 1520 सेजविक अव्हेन्यूची, सामाईक खोली भाड्यानं घेतली, कार्डांवर हातानं पार्टीची निमंत्रणं लिहिली आणि तिकीट लावलं: मुलींना 25 सेंट, मुलग्यांना 50. तारीख 11 ऑगस्ट 1973. गाणी वाजवायला घरचाच माणूस होता, 18 वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. जमैकाहून आलेल्या या पोराला सगळे 'कूल हर्क' म्हणत.

नाचणारी मुलं गायक गप्प होऊन नुसता ड्रम उरण्याची वाट बघतात, हे हर्कनं हेरलं होतं. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायला लागला. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली पुन्हा तुकड्याच्या सुरुवातीला आणून तयार. या 'ब्रेक'वर नाचणारे ते बी-बॉय. माइकवरून दोस्तांची नावं पुकारायचा कोक ला रॉक; रॅपचं बीज तिथलं. बाहेर ब्राँक्स जळत होतं. वस्त्या चिरत द्रुतगती मार्ग गेला होता, घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या होत्या.

या पार्टीतून उगवलेल्या हिप हॉपचा इतिहास हर्कपासून सांगतात. मला मात्र सिंडी जवळची वाटते. दिवाळी अंक काढणाऱ्याला कलावंतांइतकीच छपाईच्या बिलाची आठवण असते, त्यामुळे असेल! 1979 मध्ये 'रॅपर्स डिलाइट' या गाण्यानं रॅप घराघरांत नेलं, त्यामागेही निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सन होती. आणि कपड्यांचं म्हणाल तर रन-डीएमसी या रॅप गटानं 1986 मध्ये नाडीविना घालायच्या बुटांवर गाणंच केलं. नवे कपडे हे या कलेचं निमित्तच होतं, नंतर चढवलेला साज नव्हे. नाच तर 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकपर्यंत गेला.

आपल्याकडे धारावी-अंधेरीच्या गल्ल्यांतला रॅप 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटामुळे पांढरपेशांना कळला. मराठीतही आता पोरं लिहितात, म्हणतात, भाड्यानं स्पीकर आणतात. यंदाचा विशेष विभाग त्यांच्यासाठी ठेवला आहे. तो वाचून झाल्यावर त्यांच्या एखाद्या कार्यक्रमाला जरूर जा. फुकट पास मागू नका, तिकीट काढा.